आधी घर वसावे, मग सजावे

(एका नव्या गृहसंकुलातील रहिवाशांच्या कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी अनेकांच्या दारावरचे तोरण अजून सुकलेले नाही. कोणाकडे सुतारकाम चालू आहे, तर कोणाचा संसार अजून खोक्यांतच बांधलेला आहे. अशा वेळी गृहसजावटीवर चार शब्द बोलावेत, असे संयोजकांनी सुचविले. मी वास्तुविशारद नव्हे. वृत्तपत्रीय कामाच्या निमित्ताने गेली तीस वर्षे अनेकांच्या घरांचे उंबरठे ओलांडले, एवढाच काय तो माझा अधिकार. त्या आधारावर एकच गोष्ट आपल्यापुढे मांडणार आहे. घर आधी वसावे आणि मग सजावे. आज आपण हा क्रम नेमका उलटा लावला आहे.

'घर पाहावे बांधून' ही म्हण रूढ झाली, त्या काळी माणूस स्वतः उभा राहून घर बांधून घेत असे. आज घर बांधलेले मिळते आणि सजविलेलेही मिळते. किल्ली हाती पडते न पडते तोच कंत्राटदार संगणकावरची चित्रे पुढे ठेवतो, गृहकर्जाच्या हप्त्यावर सजावटीच्या कर्जाचा हप्ता चढतो आणि कुटुंब राहायला येण्यापूर्वीच घर 'पूर्ण' होते. सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून येते, पावसाचा मारा कोणत्या भिंतीवर बसतो, दुपारी आजी कोठे टेकणार आणि नातू अभ्यासाला कोठे बसणार, हे कोणालाच ठाऊक नसते. पण भिंतीतली कपाटे मात्र कायमची ठोकून झालेली असतात.

आपल्या जुन्या घरांची रचना आठवून पाहा. ओसरी आल्या-गेल्यासाठी, माजघर घरच्या माणसांसाठी, चौक उजेड-वाऱ्यासाठी. कोनाड्यात दिवा, खुंटीवर पगडी, फडताळात पोथ्या. प्रत्येक जागेचे नाव तिथल्या वापरावरून किंवा तिथे वावरणाऱ्या माणसांवरून पडलेले होते आणि तिची शोभा त्या वापरातूनच येत असे. त्या घरांचा अवास्तव गौरव करण्याचे कारण नाही. माजघरे बहुधा अंधारी असत आणि चुलीच्या धुराने आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे चुरचुरत, हेही तितकेच खरे. तेव्हा जुने घर नव्या जागेत जसेच्या तसे उचलून आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. आणायची ती त्यामागची दृष्टी. आधी माणूस, मग त्याची जागा आणि शेवटी जागेची शोभा.

मुंबईचे उदाहरण घ्या. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एका कुटुंबाला मिळणारी खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रतीक्षेचे ते फळ आहे आणि त्या आनंदात कोणीही मिठाचा खडा टाकू नये. परंतु चाळीतल्या खोलीला एक अदृश्य दालन असे, ते म्हणजे समोरची गॅलरी. तेथे पापड वाळत, मुले पाढे म्हणत, आजारी माणसाची विचारपूस होई. नव्या इमारतीत दार बंद झाले की हे दालन संपते. तिप्पट मोठ्या घरात आलेल्या वृद्ध आईला घर मात्र लहान झाल्यासारखे वाटते, ते यामुळेच. म्हणून माझी सूचना आहे की, सजावटीचा पहिला खर्च करण्याआधी आपल्या मजल्यावरच्या सर्व घरांत एकदा जाऊन या. त्यांना चहाला बोलवा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिला पावसाळा जाईपर्यंत भिंतींवर लाकडी तावदाने किंवा शोभेचा कागद चढवू नका. नव्या बांधकामात ओल असतेच, शिवाय कोठे पाणी झिरपते हे पाऊसच सांगतो. ती ओल झाकली गेली, तर आतल्या आत बुरशी धरते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. पण दोष दिसायला भिंत उघडी तर हवी! दुसरी गोष्ट, 'जागा मोठी दिसेल' या मोहाने खांब, तुळई किंवा भिंत यांना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावू देऊ नका. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथे चार मजली इमारत कोसळून १७ जणांचे प्राण गेले. तळमजल्यावरील फेरफाराच्या कामात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. आपल्या घरातला खांब आपल्या एकट्याचा नसतो, वर-खाली राहणाऱ्या सर्वांचा भार त्याने तोललेला असतो.

त्यानंतर माणसांचा विचार. घरात वृद्ध असतील, तर दिवाणखान्यातील झुंबराआधी न्हाणीघरातील लाद्या पाहा. त्या निसरड्या नसाव्यात, भिंतीला आधाराचा दांडा असावा, रात्री उठल्यावर हाताशी येईल असे दिव्याचे बटण असावे. स्वयंपाकघरातील ओटा चित्रातल्या मापाचा नको. तिथे रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली तो आला, तर तिची पाठ दुखणार नाही. देवघर लहान असो, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर घरातील चौघे एकत्र उभे राहू शकतील, एवढी मोकळी जागा त्यापुढे असू द्या. आणि अचानक येणाऱ्या पाहुण्याची गादी कोठे घालणार, हे ठरविल्याशिवाय खोल्यांची वाटणी करू नका. ज्या घरात पाहुण्याला जागा नाही, तेथे काही वर्षांनी आई-वडिलांनाही जागा उरत नाही, असे अनेक घरे पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

एवढे झाल्यावर खुशाल सजवा. सौंदर्याची हौस हा काही दोष नव्हे. फक्त भिंतीवर जे लावाल, त्याविषयी मुलांना चार वाक्ये सांगता आली पाहिजेत. वारली चित्रे आज फरशीपासून पडद्यापर्यंत सर्वत्र छापलेली दिसतात. परंतु गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला तो लग्नचौक असतो, मध्ये पालघाट देवी असते आणि तो मान परंपरेने सुवासिनींचा, हे किती घरांत ठाऊक असते? ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी चित्रकथीची परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना तोच सन्मान २०२१ मध्ये लाभला. चित्रकथीचे चित्र मुळात टांगून ठेवण्यासाठी नसतेच. ते समोर धरून रामायण-महाभारतातील कथा सांगायची असते. असे एक चित्र कलाकाराकडून विकत घ्या आणि नातवंडांना कथा सांगा. आजोबांची जुनी आरामखुर्ची, आईचा पितळी डबा, बहिणीने विणलेले तोरण यांनाही जागा द्या. ज्या वस्तूंमागे माणूस आहे, त्या कधी जुनाट दिसत नाहीत.

वास्तुशांतीच्या दिवशी वडीलधारी माणसे आपल्याला बजावतात, की घरात अभद्र बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणत असते. श्रद्धेने घ्या वा रूपकाने घ्या, अर्थ एकच आहे. घराला जी सवय लावाल, ती पुढच्या पिढीच्या अंगवळणी पडते. म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. या वर्षी घरातली निदान एक भिंत मोकळी ठेवा आणि एक हप्ता कमी घ्या. त्या वाचलेल्या पैशांतून आणि वेळेतून गावाकडच्या आई-वडिलांना महिनाभर येथे आणा. ती मोकळी भिंत कशाने भरायची, हे त्यांनाच विचारा.

आपणा सर्वांना नवी वास्तू सुखाची होवो.