आकडा दिसतो, पण फ्रीजर चालतो का?

भूम-कुंथलगिरीच्या खव्यानं आपल्या धाराशिवचं नाव लांबवर गेलंय. पण भट्टीपुढं घाम गाळून आटवलेला खवा गाडी येईपर्यंत टिकवायचा, तर फ्रीजरचं तापमान सांभाळावं लागतं.

गेल्या वैशाखात आमच्या गटानं जुन्या फ्रीजरला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवला. लाल आकडा दिसत होता, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. सकाळी झाकण उघडलं, तर आंबट वास! कॉम्प्रेसर रात्रभर चालूच झाला नव्हता.

चूक साधी होती. कंट्रोलर स्वतः वीज पुरवत नाही. तो फक्त बटण दाबायचं काम करतो. त्याच्या पाठीमागं बहुतेक वेळा जोडण्यांच्या चार जोड्या असतात. एक त्याच्या स्वतःच्या विजेची, एक सेन्सरची, एक गरम करण्याची, एक थंड करण्याची. थंडच्या जोडीत एका बाजूला फेज आणून द्यावा लागतो. दुसऱ्या बाजूनं तो कॉम्प्रेसरकडं जातो. न्यूट्रल थेट कॉम्प्रेसरला. आमचा फेज आणायचाच राहिला होता. वायर चुकून गरमच्या जोडीत गेली, तर खवा तापला तरी फ्रीजर बंदच राहणार.

विकत घेताना तीन गोष्टी बघा. एक, तो 230 व्होल्टवर चालणारा हवा. 12 व्होल्टचेही तसेच दिसतात. दोन, त्यावर 10 अँपिअर लिहिलेलं असलं, तरी कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढतो. मोठा फ्रीजर असेल, तर मध्ये कॉन्टॅक्टर लावून घ्या. तीन, लाईट गेली-आली की लगेच कॉम्प्रेसर चालू न करता तीनेक मिनिटं थांबण्याची सोय हवी. नाहीतर कॉम्प्रेसर जळतो.

आम्ही 4 अंश लावलेत, फरक 2. म्हणजे 6 वर चालू, 4 वर बंद. फ्रीजरचं जुनं बटण सगळ्यात थंडवर ठेवलंय. सेन्सर मधोमध हवेत लोंबता ठेवा, बर्फाच्या भिंतीला टेकवू नका. तो खरं सांगतो का, ते पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून बघा. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा.

जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या; मेन स्विच बंद करून, अर्थिंग तपासून. पण तायांनो, शेजारी उभ्या राहून विचारा, "भाऊ, कॉम्प्रेसरचा फेज कुठून येतो?" आणि पहिल्या रात्री आत पाण्याच्या बाटल्या ठेवा. खवा दुसऱ्या दिवशी.