साधं लोशन, साधी खाज

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्य-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



विषय वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हिंसाचार, रेशन, पाळी यांच्या रांगेत हे अंगाला लावायचं लोशन कुठून आलं? मलाही आधी तसंच वाटायचं. मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली बाई आहे. हा विषय माझ्याकडे आला तो एका बाईच्या हातांमुळे.

ती चार घरी पोळ्या करायची. एका बैठकीनंतर जेवणाच्या रांगेत तिने माझ्यापुढे हात धरले. बोटांच्या बेचक्यात लाल पुरळ, मनगटापर्यंत बारीक फोड, तळव्याला भेगा. पापण्याही सुजलेल्या. म्हणाली, "ताई, दोन घरं सुटली. वहिनी म्हणाल्या, खरूज आहे, पिठात हात नको." वस्तीतल्या दवाखान्यात खरजेचं मलम दिलं होतं. घरातल्या सगळ्यांनी लावलं, चादरी उकळल्या. फरक शून्य. मग औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चार दिवसांत हात स्वच्छ, ट्यूब संपली की पुन्हा तेच. आणि या सगळ्या काळात ती हात मऊ राहावेत म्हणून दिवसातून तीनदा लोशन लावत होती. दिवाळीला एका घरून मिळालेली अर्धी बाटली, संपल्यावर तीच विकत घेतलेली.

मी लोशनबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "छे, ते तर दोन वर्षं लावतेय." हे वाक्य तुम्हालाही ऐकू येणार आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतं. त्याला दोन आठवडे लागतात, कधी कित्येक वर्षं. एकदा ही ओळख पक्की झाली की पुढच्या प्रत्येक वेळी तो पदार्थ लागल्यावर एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ उठतं. सोमवारी लावलेल्याचा त्रास बुधवारी, त्यामुळे बाई दोष देते मंगळवारी खाल्लेल्या वांग्याला! आपल्याकडे त्वचेचं काहीही झालं की पहिल्यांदा बाईचं खाणं बंद होतं. वांगं बंद, अंडं बंद, दाणे बंद. आधीच अंगात रक्त कमी, त्यात हे पथ्य.

याहून वेगळा प्रकार म्हणजे साबण-पाण्याने हात खाणं. तो ॲलर्जीपेक्षा जास्त आढळतो. तिथे लगेच चुणचुणतं, आणि जिथे लागलं तिथेच. ॲलर्जी मात्र पसरते. हाताचं लोशन डोळे चोळताना पापणीला लागतं आणि पापणी नाजूक असल्याने कधीकधी आधी तीच सुजते. भांडी-धुण्याचं काम करणाऱ्या बाईला बहुधा दोन्ही एकदम असतात. भेगा पडलेल्या कातडीतून रसायन आत जातं, म्हणजे पहिलं दुखणं दुसऱ्याला दार उघडून देतं. दोन्हींपैकी एकही दुसऱ्याला लागत नाही. खरूज लागते, हे लागत नाही. कामावर घेणाऱ्यांना हे सांगायला आपण गेलं पाहिजे. त्या बाईचं म्हणणं कुणी ऐकत नाही.

आता लोशनमध्ये असतं काय? तेल, पाणी, ते एकजीव करणारे पदार्थ, सुगंध आणि टिकाऊपणाची रसायनं. पाणी आलं की जंतू वाढतात, म्हणून टिकाऊपणाचं रसायन लागतंच. ती लबाडी नव्हे. पण मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाच्या अशाच एका रसायनाने इतक्या लोकांना ॲलर्जी झाली, की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसंच ठेवायच्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. भांड्यांच्या द्रव साबणातही ते असू शकतं. दुसरा मोठा अपराधी सुगंध. लेबलवर तो 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' अशा एका शब्दात उरकलेला असतो, आत मात्र डझनावारी पदार्थ.

आणि 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत १९७५ साली सरकारने या शब्दाला पुराव्याची अट घातली. प्रसाधनांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ साली ती अट रद्द झाली. 'नैसर्गिक' चंही तेच. हळदीचीसुद्धा ॲलर्जी असते. गाजरगवताने ज्यांच्या अंगावर उठतं, अशा शेतकरी बायांना कॅमोमाइलसारख्या त्याच कुळातल्या फुलांच्या अर्काचं 'हर्बल' क्रीम त्रास देऊ शकतं.

मग लेबल वाचा, असं आपण म्हणतो. पण कोणत्या बाईने? आपल्या नियमांत ६० मिलिलिटरपेक्षा लहान बाटलीवर आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान ट्यूबवर घटकांची यादी छापायची सक्ती ठेवलेली नाही. दोन-पाच रुपयांची पुडी कोण घेतं, मोठी बाटली कोण घेतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. जिचे हात कामाने आधीच फाटलेले आहेत, तिच्याच हातातल्या पुडीवर काही लिहिलेलं नसतं. मोठ्या बाटलीवर असतं ते इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात.

त्या ट्यूबबद्दलही बोललं पाहिजे. तिच्यात स्टेरॉइड होतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही नावं लक्षात ठेवा. २०१८ साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली, तरी वस्तीत ती सहज मिळतात, आणि मुली गोरं होण्यासाठी तोंडाला लावतात. ही मलमं वाईट नव्हेत, डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरती ती लागतातही. पण मनाने महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, चेहरा लाल राहतो, केस येतात. आणि खरं कारण झाकलं जातं.

कारण शोधायची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. मी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात गेले होते. संशयित पदार्थ थोडेथोडे पाठीवर पट्ट्यांनी चिकटवतात. दोन दिवसांनी काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. सुई नाही, रक्त नाही. पण पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, आणि तीन खेपा. म्हणजे तीन खाडे. ही तपासणी 'साधी' आहे, असं मला तिथे सांगण्यात आलं. तिच्या दोन नोंदी निघाल्या, सुगंध आणि तेच टिकाऊपणाचं रसायन. लोशन सुटलं, भांड्यांचा द्रव साबण बदलला, हाताला साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली. तिच्यात पाणी नसल्याने ते रसायनही लागत नाही. हात निवळायला दीड महिना लागला. एका घराने परत बोलावलं. दुसऱ्या घरी तोवर नवी बाई लागली होती.

जिथे तपासणी जवळ नाही, तिथे एवढं करता येतं: नवं लोशन कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडा-दहा दिवस लावून बघायचं. खाज आली तर थांबायचं. चेहरा सुजला, फोडांत पू झाला किंवा श्वास जड झाला तर मात्र घरी प्रयोग नाही, थेट दवाखाना.

आता जेवण. दुपारच्या सत्राला येताना पर्समधलं लोशन, क्रीम, पुडी, जे असेल ते घेऊन या. भिंग मी आणलंय.