आडव्या विहिरीचा खरा हिशेब



या परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान मला दिलात. माझ्या वाट्याचा वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे : नैसर्गिक वायूची आडवी विहीर स्वस्त कशी होते?

याचे उत्तर अमेरिकेतल्या शेल खडकात शोधावे लागते. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ मध्ये पहिली विहीर घेतली. वायू मिळत होता, पण परवडत नव्हता. १९९८ मध्ये त्यांच्या इंजिनिअरांनी खडक फोडण्यासाठी महागड्या जेलऐवजी बहुतांशी साधे पाणी वापरले आणि खर्चाचे गणित बदलले. २००२ मध्ये डेव्हन या कंपनीने मिचेल यांची कंपनी घेतली आणि या पाण्याला आडव्या ड्रिलिंगची जोड दिली. नवे तंत्र तर लागलेच, पण चालत आलेला खर्च खरोखर हवा का, हे विचारण्याचे धाडसही लागले.

आता आर्कान्सामधल्या फेएटव्हिल शेलचे आकडे पाहा. साउथवेस्टर्न एनर्जी कंपनीला तिथे २००७ मध्ये एका विहिरीला सरासरी १७ दिवस लागत. आडवा भाग २,६५७ फूट आणि खर्च सुमारे २९ लाख डॉलर. २०११ मध्ये दिवस झाले ८, आडवा भाग ४,८३६ फूट आणि खर्च २८ लाख. विहिरीची किंमत जवळपास तीच राहिली. पण आडव्या भागाच्या एका फुटामागचा खर्च सुमारे १,०९० डॉलरवरून ५८० वर आला. 'विहीर केवढ्याला पडली' एवढेच विचारणाऱ्याच्या हाती यातले काहीच लागणार नाही.

पण प्रत्येक बचत टिकाऊ नसते. अमेरिकेत वायूचा भाव २००८ च्या उन्हाळ्यात दर दशलक्ष बीटीयूला १३ डॉलरपर्यंत चढला आणि एप्रिल २०१२ मध्ये २ डॉलरच्याही खाली आला. अशा पडझडीत रिगचे आणि पंपांचे भाडेही उतरते. त्यातून झालेली बचत आपली नव्हे. भाव चढले की कंत्राटदार ती परत घेतो. वाया जाणारा वेळ हुडकून जी बचत होते, तीच टिकते.

हा वेळ जातो कुठे? रिग हलवण्यात, म्हणून एकाच जागेवर, म्हणजे एका पॅडवर, अनेक विहिरी घेतात आणि रिग उभीच्या उभी पुढच्या विहिरीवर सरकते. मड, म्हणजे विहिरीत खेळवला जाणारा द्राव, बदलण्यात, म्हणून आधी सगळ्या विहिरींचे वरचे भाग आणि मग सगळ्यांचे आडवे भाग घेतात. खडक कापणारा बिट बदलण्यासाठी पाइपची अख्खी स्ट्रिंग वर काढण्यात, म्हणून पीडीसी बिट कंपनाने झिजणार नाही असा भार आणि फेरे ठरवतात. दिशा चुकून पुन्हा थरात येण्यात, म्हणून गॅमा किरणांच्या नोंदींवर सतत डोळा ठेवून बिट थरातच राखतात.

पण घाई म्हणजे कार्यक्षमता नव्हे. उभ्या विहिरीत कटिंग्ज, म्हणजे कापलेल्या खडकाचे तुकडे, मडबरोबर वर येतात. आडव्या भागात मात्र त्या कालव्यातल्या गाळासारख्या तळाला बसतात. पाइप फिरत राहिला तर त्या ढवळून प्रवाहात येतात. मड मोटरने दिशा देताना पाइप फिरत नाही, तेव्हा थर साचतो. बिटचा वेग पाहून सगळे खूश असतात आणि इकडे टॉर्क हळूहळू चढत असतो. वर आलेला मड चाळणाऱ्या शेकरवर कटिंग्ज कमी दिसू लागल्या, तर त्या खालीच राहिल्या आहेत हे अनुभवी ड्रिलर ओळखतो. तो थांबतो, पाइप फिरवत मड खेळवतो. रिपोर्टमध्ये तो तास वाया गेलेला दिसतो. तो तास दिला नाही तर पाइप अडकतो आणि मग दिवसच्या दिवस जातात. तो तास देणाऱ्या ड्रिलरला शाबासकी द्यायला आपण शिकले पाहिजे.

आणि एका जागी काटकसर कधीच करू नये : केसिंग आणि सिमेंट. पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावात २००९ मध्ये घरांच्या पाण्याच्या विहिरींत मिथेन शिरला आणि राज्याच्या पर्यावरण खात्याने वायूविहिरींच्या सदोष बांधणीवर बोट ठेवले. सिमेंट घट्ट होण्याआधी पुढचे काम सुरू करून वाचवलेले तास कुणाच्या तरी नळातून बाहेर येतात. शेजारच्या गावाचे पाणी बिघडवून काढलेला वायू स्वस्त म्हणताच येणार नाही.

म्हणून या परिषदेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. विहिरीचा खर्च फुटामागे आणि मिळालेल्या वायूमागेही मांडा, कारण लांब पण थर चुकलेली विहीर फुटाच्या हिशेबात स्वस्तच दिसते. पाइपचा एक स्टँड जोडायला लागणारी मिनिटेसुद्धा शिफ्टनिहाय नोंदवा. ती नोंद शिक्षेसाठी वापरू नका, नाहीतर खरे आकडे लिहिणे बंद होईल. आणि फसलेल्या विहिरींचे निबंध यशस्वी विहिरींइतक्याच मानाने इथे वाचले जाऊ द्या. पुढच्या अधिवेशनात असा पहिला निबंध वाचणाऱ्या तरुण इंजिनिअरला ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन.