सगळ्यांचं जग, ज्याची त्याची माणसं



आजचा विषय खेळाचा आहे आणि तो मला पूर्ण गांभीर्याने मांडायचा आहे. टेबलाभोवती पाचसहा माणसं बसतात. एकजण सूत्रधार होतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, आपलं पात्र काय करील ते खेळाडू सांगतात आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासे पडतात. आपल्या वगात कथानकाचा सांगाडा ठरलेला असतो आणि संवाद रंगमंचावरच सुचतात, तसाच हा प्रकार. इथे मात्र सांगाडाही खेळता खेळता घडतो.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की नावाचं शहर आहे. 1983च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या व्हिक्टर मिलान या लेखकाने आपल्या मित्राला वाढदिवसाची भेट म्हणून असाच एक सुपरहिरोंचा खेळ दिला. खेळाचं नाव ‘सुपरवर्ल्ड’, कर्ता स्टीव्ह पेरिन, प्रकाशक केऑसियम. ज्याला भेट मिळाली तो मित्र म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे हे नाव आज घरोघरी पोचलं आहे, त्या वर्षी मात्र त्यांची ‘द आर्मागेडन रॅग’ ही कादंबरी विक्रीत सपशेल पडली होती. मार्टिन सूत्रधार झाले. टेबलाभोवती मेलिंडा स्नॉडग्रास, वॉल्टर जॉन विल्यम्स, जॉन मिलर अशी मंडळी जमली. बहुतेक सगळे लेखक! खेळ इतका अंगात भिनला की लेखन मागे पडलं. एवढी कल्पनाशक्ती खर्च होते आहे, तर यातून पुस्तक का करू नये, असं मार्टिनना वाटू लागलं. त्यातून ‘वाइल्ड कार्ड्स’ ही मालिका जन्मली. पहिला खंड 1987 साली निघाला. आता तिचे तीसच्या वर खंड झाले आहेत.

टेबलावरचं जग जसंच्या तसं पुस्तकात जाईना. खेळात कुणी जादूगार असतो, कुणाचं चिलखत यंत्राचं, कुणी परग्रहावरून आलेला. रात्रभर खेळताना ते खपून जातं. पण ज्या जगात प्रत्येक चमत्काराला वेगळं कारण आहे, त्या जगाला कसलेच नियम उरत नाहीत. मार्टिन आणि स्नॉडग्रास यांनी म्हणून सगळ्या शक्तींना एकच उगम दिला. 15 सप्टेंबर 1946 रोजी न्यूयॉर्कवर परग्रहावरचा एक विषाणू पसरतो. लागण झालेल्या शंभरांपैकी नव्वद मरतात, नऊजणांची शरीरं विद्रूप होतात, ते ‘जोकर’, आणि एकाला असामान्य शक्ती मिळते, तो ‘एक्का’. या एका निर्णयाची किंमत मला फार मोठी वाटते. सुपरहिरोंच्या जगात त्या नवांचाही हिशेब मांडला गेला. त्यांची वस्ती झाली, जोकरटाउन. तिथे दवाखाना आला, राजकारण आलं.

आता 1946 हेच साल का? इथे सहकार्याचं मर्म आहे, म्हणून थोडा थांबतो. मार्टिनच्या डोक्यात कथा वर्तमानकाळातली होती. पण हॉवर्ड वॉल्ड्रॉप हे त्यांचे जुने मित्र अडून बसले. त्यांना दुसऱ्या महायुद्धातला कोवळा वैमानिक जेटबॉय लिहायचा होता आणि त्याची गोष्ट 1946 मध्येच घडणार होती. संपादक म्हणून मार्टिनना नकार देता आला असता. त्यांनी ते साल मान्य केलं आणि त्याबरोबर चाळीस वर्षांचा इतिहास सगळ्यांच्या अंगावर आला. मधल्या काळात हे एक्के काय करत होते? वॉल्टर जॉन विल्यम्स यांनी त्याचं उत्तर ‘विटनेस’ या कथेत दिलं: अमेरिकी संसदेची समिती कम्युनिस्टांचा शोध घेते आहे आणि जगातला सर्वांत बलवान माणूस तिच्यापुढे कच खाऊन आपल्या मित्रांविरुद्ध साक्ष देतो. गोळी ज्याला लागत नाही, तो भीतीने मोडतो. ही कथा नेब्युला पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली. वॉल्ड्रॉपचा हट्ट मोडून काढला असता तर तिला जागाच उरली नसती. एकत्र जग रचायचं तर आधी सगळ्यांचं एकमत हवं, असा समज आहे. मला तो साफ चुकीचा वाटतो. एकमत हवं ते एकदोन पायाभूत गोष्टींवर. बाकी ठिकाणी दुसऱ्याचा हट्ट हाच कच्चा माल.

हट्ट सांभाळायला नियम लागतात. ‘वाइल्ड कार्ड्स’मध्ये जग सामाईक, पण पात्र ज्याने निर्माण केलं त्याचं. दुसऱ्याचं पात्र वापरायचं तर त्याची संमती घ्यायची, लिहिलेलं त्याला दाखवायचं आणि मोबदल्यातला वाटा त्याला द्यायचा. रॉजर झेलाझ्नी यांचा ‘स्लीपर’ घ्या. हा माणूस दर झोपेनंतर नव्या शरीरात, नव्या शक्तीसह जागा होतो. झेलाझ्नी 1995 साली गेले, तरी इतरांच्या कथांत तो येतच राहिला.

लेखकांना जे अनुभवातून गवसलं, ते आता खेळांच्या नियमांतच लिहिलेलं असतं. ब्रेंडन कॉनवे यांचा ‘मास्क्स’ हा 2016चा खेळ तरुण सुपरहिरोंचा. त्यात शहराचं नाव दिलेलं आहे, हॅल्सियन सिटी. पण सूत्रधार त्याचा सगळा तपशील आधी ठरवत नाही. पात्र घेताना प्रत्येक खेळाडूला प्रश्न येतात. आपण पहिल्यांदा एकत्र आलो तेव्हा एकाने सांगायचं, शत्रू कोण होता. दुसऱ्याने सांगायचं, जिंकण्यासाठी आपण कुणाचे नियम मोडले. तिसऱ्याने, त्या दिवसापासून आपला द्वेष कोण करतं. पंधरा मिनिटांत शहराला भूतकाळ मिळतो आणि तो कुणा एकाच्या डोक्यातून आलेला नसतो. तुमच्यापैकी कुणाला हे करून पाहायचं असेल तर सूत्रधाराने घरून नकाशा आणू नये. शक्तींचा उगम तेवढा सगळ्यांनी मिळून ठरवावा आणि मग हे तीन प्रश्न तीन वेगळ्या माणसांना विचारावेत.