किडलेला दात आणि बुडालेली मजुरी



कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, बोनसवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी दातांवर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. त्या कचेरीत गाल धरून बसलेली माणसे इतकी पाहिली, की या विषयावरचे वाचन करणे भाग पडले.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असे आपण म्हणतो. कष्टकऱ्याच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. दोन पैसे गाठीला लागतात त्या वयात दाढा गेलेल्या असतात.

प्रथम कीड म्हणजे काय ते पाहू. बाजारात बसून दातातून किडे काढून दाखवणारे लोक आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. तो हातचलाखीचा खेळ. दातात किडा नसतो. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. दाताचे वरचे कवच टणक असते. त्याला दुखणे ठाऊक नाही. त्याच्या आत मऊसर थर, आणि मधोमध दंतमज्जा, म्हणजे नस व रक्तवाहिन्या असलेला जिवंत गाभा. कीड या गाभ्याजवळ पोचली की खरा प्रश्न उभा राहतो.

थंड पाण्याने कळ येते आणि लगेच थांबते, तेव्हा गाभा बहुधा वाचवण्याजोगा असतो. गरम चहाने उठलेली कळ रेंगाळते, रात्री ठणक्याने झोप येत नाही, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, असे झाले तर त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. तिथे जिवाशी गाठ असते.

आता उपाय तीन. पहिला, दात उपटणे. स्वस्त आणि एका बैठकीत संपणारा. परंतु शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली उतरतो, भाकरी एका बाजूने चावावी लागते. दुसरा, रूट कॅनॉल. गाभा काढून मुळांच्या नळ्या साफ करायच्या व भरायच्या, दाढेवर टोपी बसवायची. दात राहतो, पण खर्च मोठा आणि बहुधा खेपा अधिक. तिसरा, गाभा जिवंत राखून दात भरणे. याच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते.

जुना नियम असा, की खोल कीड टणक भाग लागेपर्यंत संपूर्ण खरवडायची. त्यात पुष्कळदा गाभाच उघडा पडे. १९६५ साली अमेरिकेत उंदरांच्या दाढा पोखरून एक प्रयोग झाला. साध्या उंदरांत उघडा पडलेला गाभा कुजला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत तो भरून आला. म्हणजे खरा शत्रू जंतू. पुढे असेही दिसून आले, की कडेची कीड नीट साफ करून, गाभ्यावरचा मऊ थर तसाच ठेवून, दात घट्ट बंद केला, तर आतल्या जंतूंचे खाणे तुटते आणि कीड थांबते.

हे करण्याच्या दोन रीती आहेत. एकीत दात तात्पुरता भरून काही महिन्यांनी पुन्हा उघडतात व उरलेली कीड काढतात. डेन्मार्क व स्वीडनमध्ये सुमारे तीनशे प्रौढांवर हिची तुलना जुन्या नियमाशी केली गेली. पाच वर्षांनंतर जुन्या नियमाने शंभरांत ४६ दातांचा, तर या रीतीने ६० दातांचा गाभा सुस्थितीत राहिला. दुसऱ्या रीतीत दात एकदाच भरायचा, पुन्हा उघडायचाच नाही. ब्राझीलमध्ये या दोन रीतींची तुलना झाली. पाच वर्षांनंतर एकाच बैठकीच्या रीतीने शंभरांत ८० दात टिकले, दोन खेपांच्या रीतीने ५६. हा फरक का पडला? पुष्कळ रोगी दुसऱ्या खेपेला आलेच नाहीत, हे त्याचे मोठे कारण!

बंधूंनो, हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. तो रोगी का आला नसेल, हे मला कोणी सांगायला नको. दुसरी खेप म्हणजे दुसरी बुडालेली मजुरी. आटपाडीहून सांगलीच्या दंत महाविद्यालयात जायचे तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून चांगला उपचार कोणता, हे ठरवताना माणसाचा खाडाही हिशेबात धरावा लागतो.

अर्थात हा उपाय सर्वांसाठी नाही. गाभा मेला असेल, पू झाला असेल, तर रूट कॅनॉल किंवा उपटणे हेच मार्ग. गाभा राखूनही शंभरांत वीस दात फसतातच. परंतु फसलेल्या दाताला पुढे रूट कॅनॉल करता येते. उपटलेला दात परत लावता येत नाही.

१९४८ साली या देशात दंतवैद्यांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचाही. विमा असलेल्या कामगाराने त्याचा लाभ हक्काने मागावा. पण ऊसतोडीचा मजूर, मेंढरांमागे फिरणारा धनगर, देशभर गलाईची भट्टी पेटवणारा आपल्या मुलखातला कारागीर, यांतले बहुतेक त्या छत्राबाहेर आहेत. गलाईवाल्याला तर आम्लाच्या वाफांशी सामना. अशा वाफांनी पुढचे दात झिजतात, हे बॅटरीच्या कारखान्यांत पूर्वीच दिसून आलेले आहे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. मशेरीने ठणका दबल्यासारखा वाटतो, कीड थांबत नाही. वर तंबाखूचे विष पोटात जाते. अॅस्पिरिनची गोळी दाताशी धरू नका, हिरडी भाजते. पहिली कळ आली की जा. खुर्चीत बसल्यावर विचारा : गाभा जिवंत आहे काय? एका बैठकीत राखता येईल काय? मालकांनी त्या दिवसाची मजुरी कापू नये. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दात उपटण्याच्या चिमट्याबरोबर दात भरण्याचे साहित्यही असावे, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करू. पगाराची मागणी करायला आपण शिकलो. तो पगार चावून खाता यावा, हीही मागणी रास्तच आहे.