बारा महिन्यांचे वाचन

नूतन वर्षाच्या आरंभी अमुक इतकी पुस्तके हातावेगळी करण्याचा संकल्प अनेकजण सोडतात. परंतु संख्या फुगविण्यापेक्षा एकच थोर ग्रंथ संथपणे बारा महिने वाचण्याचा उपक्रम मला अधिक कसोटीचा वाटतो, आणि त्यास ज्ञानेश्वरीइतका अनुकूल ग्रंथ मराठीत क्वचितच सापडेल. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, नेवाशास सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सुमारे 9,000 ओव्यांची वाटणी केली, तर रोजच्या वाट्यास अवघ्या 25 ओव्या येतात. सप्ताहात पारायण उरकणाऱ्यांना ही गती मंद भासेल खरी. पण पारायणाच्या ओघात अर्थाकडे वळून पाहण्यास उसंत मिळतेच असे नाही.

अध्याय मात्र समान लांबीचे नाहीत. पाचवा जेमतेम 180 ओव्यांचा असल्याने आठवडाभरात संपतो, तर अठरावा अठराशेंहून अधिक ओव्यांचा असल्यामुळे वर्षाअखेरचे सुमारे अडीच महिने एकटाच व्यापतो, आणि ज्यांचा उत्साह ऐन दिवाळीत ओसरतो त्यांची खरी परीक्षा तेथेच होते. यास्तव मुदतीचा हिशेब अध्यायांवर न बेतता ओव्यांवर बेतावा, आणि खाडा पडलाच तर सरकारी साऱ्याप्रमाणे थकबाकी एकरकमी वसूल करण्याच्या भरीस न पडता ती रोज पाच-पाच ओव्यांनी फेडावी. भाषा सातशे वर्षांपूर्वीची. तेव्हा सार्थ प्रत जवळ असावी, मात्र मूळ ओवी आधी मोठ्याने वाचावी आणि अर्थाकडे मागाहून वळावे.