पाण्याच्या आधारे वसलेली पेठ



बाजारपेठ पैशावर चालते. परंतु ती वसते पाण्याच्या आधारे. धुळ्याचा इतिहास याची साक्ष देतो. 1803 च्या भीषण दुष्काळात हे गाव ओस पडले. पुढे विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. 1819 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी येथे खानदेशचे मुख्य ठाणे केले, तेव्हा घरे होती 401 आणि लोकसंख्या अवघी 2,509. एका अंगास पांझरा, दुसऱ्या अंगास पाट आणि सभोवती बागायत! व्यापाऱ्यांना कायमच्या सारामाफीने जागा व घरबांधणीसाठी आगाऊ रकमा देण्यात आल्या आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ उभी राहिली. 1872 मध्ये मात्र महापुराने घरादारांची मोठी हानी केली.

पांझराकाठच्या फड पद्धतीत पाणीवाटप गावकरी ठरवीत, पाटकरी ते अमलात आणी आणि पाटाची सफाई सारे मिळून करीत. बाजारचौकातील विहिरीला, नळाला वा हातपंपालाही हाच नियम लागू आहे. पंप शासन बसवील. त्याचा सांभाळ गावानेच करावयाचा असतो. म्हणून ग्रामपंचायतींनी बाजाराच्या जमाखर्चाबरोबर पाण्याचाही हिशेब ठेवावा, हेच या जुन्या पेठेचे सांगणे आहे.